कोपरे झिजलेत, मधली जागा रिकामी: ड्राफ्टआधी ईगल्सची मागची फळी

नोव्हेंबर २०२३ संपताना अमेरिकन फुटबॉलमधले आमचे फिलाडेल्फिया ईगल्स १० जिंकून १ हरलेले होते. बफेलो बिल्सना जादा वेळेत ३७-३४ असं हरवलं त्या रात्री घरात सगळे नाचत होते आणि मी म्हणाले, "ह्यांचं मागे काहीतरी दुखतंय. लपवतायत." मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, आज नको." शेजारचे आजोबा आमच्याकडे सामना बघायला येतात ते स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. मी लग्नघरात शिंकल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतरच्या सातपैकी सहा सामने आपण हरलो. आता मला कुणी गप्प करत नाही.

पेशानं मी फिजिओथेरपिस्ट. माणूस दारातून आत येतानाच तो कुठला गुडघा राखून चालतोय ते मला दिसतं, आणि ही खोड टीव्हीसमोर बसलं तरी जात नाही. कॉलेजात कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा. आता चेरी हिलला राहते, डेलावेअर नदीच्या अलीकडे, पलीकडे फिलाडेल्फिया. अमेरिकन फुटबॉल मला मुलीनं शिकवला, पण त्यातली सेकंडरी कुणाला शिकवावी लागली नाही. तिथंही कॉर्नर आहेत, तिथंही कव्हर आहे, आणि समोरून येणारा आपल्याला हूल द्यायलाच येतोय हे गृहीतच आहे. फरक एवढाच की कबड्डीत दम चढाई करणाऱ्याचा जातो, इथं आपला.

नवख्यांसाठी दोन ओळी. सेकंडरी म्हणजे बचावातली सगळ्यांत मागची माणसं. बाहेरच्या दोन कडांना दोन कॉर्नर, खोलवर दोन सेफ्टी. हल्ली प्रतिस्पर्धी सर्रास पास झेलणारे तीन-तीन रिसीव्हर आणतात, म्हणून पाचवा माणूसही बहुतेक वेळ मैदानात असतोच. पाच सेंटच्या नाण्यावरून त्याला निकेल म्हणतात. पुढची माणसं क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, धरायला धावतात, मागची ही पाच माणसं फेकलेल्या बॉलचा बंदोबस्त करतात. ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातले खेळाडू संघांनी फेरीफेरीनं आळीपाळीनं निवडायचा सोहळा, येत्या गुरुवारी, २५ एप्रिल २०२४ला डेट्रॉइटमध्ये सुरू होतोय. हे परीक्षण मी मुद्दाम आधी लिहितेय, कारण नंतर सगळेच शहाणे होतात.

आधी केस पेपर. २०२२च्या मोसमात हवेतून, म्हणजे पासवर, यार्ड देण्यात ह्या संघाचा बचाव अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कंजूष होता. २०२३मध्ये तोच बचाव ३२ संघांत ३१वा. पासवर ३५ टचडाउन दिले, म्हणजे बॉल तितक्या वेळा आपल्या शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचू दिला. एका वर्षात पहिल्या बाकावरून शेवटून दुसऱ्यावर. असा पेशंट आला की मी पहिलं विचारते, पडलात का? तर पडले नव्हते. हळूहळू झिजले होते, आणि जिंकत होते म्हणून कुणी कपडे बाजूला करून सूज पाहिली नाही. २९ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या सॅम हॉवेलनं आपल्यावर ३९७ यार्ड आणि चार टचडाउन फेकले; आपण ३८-३१ जिंकलो, म्हणून ते विसरलं गेलं. पुढच्याच रविवारी डॅलसच्या सीडी लॅमनं ११ झेल आणि १९१ यार्ड घेतले; २८-२३ जिंकलो, तेही विसरलं गेलं. मग डिसेंबरात फोर्टीनायनर्स आले, ४२-१९ करून गेले आणि सगळ्यांना एकदम आठवलं.

आता एकेक.

डेरियस स्ले. ह्याच्याबद्दल थोडक्यात, कारण तक्रार थोडी आहे. १ जानेवारीचा जन्म, आता ३३ पूर्ण. २०२०मध्ये डेट्रॉइटकडून ड्राफ्टमधल्या तिसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या निवडींच्या बदल्यात आणला, त्या भावात सोनं मिळालं. गेल्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात पेट्रियट्सचा पास पळवून ७० यार्ड धावत गेला तेव्हा त्याच्या पावलांत काही कमी दिसलं नाही. डिसेंबरात गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, परत आला. गुडघ्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते कॅलेंडरचं. कॉर्नरला वय चढतं ते केसांसारखं एकेक पांढरं होत नाही. जिन्याची पायरी चुकावी तसं एका मोसमात चुकतं. स्लेची ती पायरी अजून आलेली नाही, पण तो जिन्यातच उभा आहे. एक मोसम खात्रीचा धरते. दुसरा मिळाला तर बोनस.

जेम्स ब्रॅडबेरीवर मात्र थांबायला हवं. ह्या गावात सध्या त्याचं नाव शिवीसारखं घेतलं जातं आणि मला ते आवडत नाही. २०२२मध्ये जायंट्सनी सोडलेला हा माणूस एका वर्षाच्या करारावर आला आणि मोसमातल्या सर्वोत्तमांच्या, म्हणजे ऑल-प्रोच्या, दुसऱ्या संघात बसला. सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, शेवटी कॅन्सस सिटीच्या जुजू स्मिथ-शुस्टरला धरल्याबद्दल त्याच्यावर पेनल्टी पडली. अख्खं फिलाडेल्फिया पंचांच्या नावानं बोटं मोडत असताना हा स्वतः पत्रकारांना सांगून मोकळा झाला की हो, मी जर्सी ओढली होती. असं म्हणायला छाती लागते. पुढच्या महिन्यात संघानं त्याला तीन वर्षांसाठी ३ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. तिथं हिशेब चुकला. पैसे झालेल्या वर्षाचे दिले आणि वसुली येणाऱ्या वर्षांकडून मागितली.

नक्की काय बिघडलं ते माझ्या टेबलावरच्या भाषेत सांगते. पेशंटला पालथं झोपवायचं, गुडघा काटकोनात वाकवायचा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला झुकवत न्यायचं. खुबा आत किती फिरतो ते ह्यात कळतं. विशीतल्या धावपटूचं पाऊल सहज जातं. बरीच वर्षं खेळलेल्याचं ठरावीक ठिकाणी अडतं, आणि जबरदस्ती केली की कंबरच उचलून येते. कॉर्नरचं अर्ध पोट ह्या एका हालचालीवर आहे. तो रिसीव्हरकडे तोंड करून उलटा पळत असतो आणि समोरचा बाजूनं सुटला की एका पावलात खुबा उघडून सुलटं पळायचं असतं. मुलीनं मला सगळे खेळाडू एकाच वेळी दिसतात तो उंचावरचा कॅमेरा लावून दिलाय. त्यात मी ब्रॅडबेरीचे २०२२चे आणि २०२३चे प्ले शेजारी शेजारी ठेवून पाहिले. अंदाज तोच, हात तेच, डोकं तर चांगलंच. वळणं मात्र अर्धा ठेका उशिरा. हा अर्धा ठेका भरून काढायला त्याच्याकडे पूर्वीही वेग नव्हता. वाचनावर तो भागवत असे. आता वाचून होईस्तोवर माणूस निघून गेलेला असतो.

१८ डिसेंबरची सिॲटलची रात्र माझ्या वहीत अख्खं पान खाऊन बसलीय. त्याच आठवड्यात बचावाची सूत्रं शॉन देसाईकडून काढून मॅट पॅट्रिशियाकडे दिली होती. स्ले बाहेर. आपण १७-१३ पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ, आणि सिॲटलला जायचंय ९२ यार्ड, तेही राखीव क्वार्टरबॅक ड्रू लॉकला घेऊन. दहा प्लेमध्ये ते पोचले. २८ सेकंद उरलेले असताना जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बानं २९ यार्डांवरून टचडाउनचा झेल घेतला. त्याच्यावर ब्रॅडबेरी. जवळ होता, पण पुढे नव्हता. शेजारच्या आजोबांनी खुर्ची घडी केली आणि एक शब्द न बोलता अंगणातून घरी गेले. त्यांचा उजवा गुडघा वाईट आहे, मी सांगितलेले व्यायाम ते कधीच करत नाहीत, पण त्या रात्री भराभर चालले.

माझं मत: ब्रॅडबेरीला कडेवर ठेवू नका. करार असा बांधलाय की काढून टाकलं तरी पैसे वहीतून जात नाहीत, मग त्याला खोलवर सेफ्टीला उभं करून बघा. तिथून खेळ वाचता येतो आणि दर प्लेला खुबा उघडावा लागत नाही. पण त्याला पहिल्या अकरात गृहीत धरून ड्राफ्टला जाणं म्हणजे पावसाळ्याआधी कौलं न शाकारता नुसतं आभाळाकडे बघत बसणं.

आता खरी दुखरी जागा. लोक कडांवर ओरडतात. मी ओरडते मधल्या जागेवर. कोपऱ्यावर खेळलेल्या कुणालाही विचारा, कोपरारक्षकाला बाजूची रेषा म्हणजे आणखी एक गडी. चढाई करणाऱ्याला तिकडे रेटत न्यायचं, मैदानच त्याला खातं. फुटबॉलच्या कॉर्नरलाही हीच सोय आहे: बाहेरची बाजू रेषा सांभाळते, त्यानं आतली सांभाळायची. निकेलला ही सोय नाही. त्याच्या समोरचा रिसीव्हर आत जाऊ शकतो, बाहेर जाऊ शकतो, सरळ पाठीमागे पळू शकतो. वर हा माणूस धावणाऱ्यांच्या गर्दीच्या जवळ, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे पौंडांच्या रनिंग बॅकला आडवं करायचं तेही ह्यानंच. सगळ्यांत जास्त कामं, आणि बऱ्याचदा सगळ्यांत कमी पगार. कुठल्या ऑफिसात असा एक माणूस नसतो?

आपला हा माणूस ॲव्हॉन्टे मॅडॉक्स. २०१८चा चौथ्या फेरीचा, घरचा. गेल्या मोसमात दुसऱ्याच आठवड्यात त्याचा छातीचा स्नायू फाटला. त्याचा राखीव झेक मॅकफिअर्सन तर सरावी सामन्यांतच टाचेमागची अकिलीसची दोरी तुटून गेला होता. मग ह्या जागेवर जी रांग लागली ती अशी: मारिओ गुडरिच, मग ऑक्टोबरात बाहेरून आणलेला ब्रॅडली रोबी, मग कधी ईलाय रिक्स, कधी सिडनी ब्राउन. संगीत खुर्चीत निदान संगीत तरी असतं. दर दोन-तीन आठवड्यांनी शेजारचा माणूस बदलला की दोन्ही बाजूंच्यांना खुणा नव्या शिकाव्या लागतात. कबड्डीत साखळी धरून उभं राहताना शेजारणीच्या हाताच्या पकडीवरून मला कळायचं ती कधी झेप घेणार. नवीन हात असला की मी अर्धा क्षण थांबायचे, आणि तेवढ्यात चढाई करणारी मध्यरेषेला हात लावून हसत असायची. ३५ टचडाउनांतले कितीतरी मला त्या अर्ध्या क्षणाचे वाटतात.

मार्चमध्ये मॅडॉक्सला सोडलं आणि थोड्याच दिवसांत एका वर्षासाठी परत बोलावलं. माणूस गुणी आहे, झुंजार आहे, आणि त्याचं शरीर त्याला साथ देत नाही. आता आशा आहे आयझाया रॉजर्सची. पैज लावल्याबद्दल तो २०२३चा पूर्ण मोसम निलंबित होता, निलंबित असतानाच ईगल्सनी त्याला करारात घेऊन ठेवला आणि परवाच लीगनं त्याला परत यायची परवानगी दिली. पाय विजेचे आहेत. वर्षभर एकही सामना नाही ही मात्र लहान गोष्ट नव्हे. विश्रांतीनं सांधे बरे होतात, सवय मोडते.

सेफ्टींचं चित्र तुलनेनं बरं आहे. रीड ब्लँकनशिपला २०२२च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. आला, ॲरन रॉजर्सचा पास पळवून खातं उघडलं आणि गेल्या मोसमात शंभरावर टॅकल केले, म्हणजे बॉलवाल्याला तितक्यांदा आडवं पाडलं. गोतावळ्यातला तो एक भाचा असतो ना, कुणी फारसं बोलत नाही त्याच्याबद्दल पण मांडव तोच आवरतो, तसा. त्याच्या जोडीला चॉन्सी गार्डनर-जॉन्सन परत आलाय, तीन वर्षांच्या करारावर. २०२२मध्ये इथं असताना त्यानं सहा इंटरसेप्शन घेतली, म्हणजे सहा पास पळवले, लीगमध्ये सर्वाधिक घेणाऱ्यांच्या बरोबरीनं, तेही मूत्रपिंडाला मार लागून पाच सामने बाहेर बसून. मग गेला डेट्रॉइटला आणि तिथं छातीचा स्नायू फाटला. तोही दुसऱ्याच आठवड्यात. मॅडॉक्स इकडे, हा तिकडे, एकाच आठवड्यात एकच दुखापत. माझ्या क्लिनिकमध्ये आम्ही त्यावर दुपारचा डबा खाताखाता बराच वेळ बोललो. फाटलेला पेक्टोरल जोडला की बऱ्यापैकी पूर्ववत होतो, त्यामुळे त्याची चिंता नाही. तोंडाळ आहे, समोरच्याला सतत डिवचत असतो. मला असा माणूस मागे हवाच. केव्हिन बायर्डला अर्ध्या मोसमात आणला होता. भला खेळाडू, पण नव्या घरात पाहुण्यासारखा वागला. मार्चमध्ये तो गेलाही.

सिडनी ब्राउनचं वाईट वाटतं. ३१ डिसेंबरला ॲरिझोनाविरुद्ध त्यानं ९९ यार्डांचं इंटरसेप्शन परत नेऊन टचडाउन केला आणि पुढच्याच रविवारी जायंट्सविरुद्ध एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, फाटलं. जानेवारीत फाटलेल्या एसीएलचा पेशंट सप्टेंबरात पळताना दिसेल. दिसेल आणि वळेल ह्यात फरक असतो. नवी जोडलेली दोरी आत रुजायला नऊ महिने लागतात, मनातली भीती जायला त्याहून जास्त. ऑक्टोबरच्या आधी कुणी त्याचं नाव हिशेबात धरत असेल तर त्यानं माझ्याकडे एक दिवस येऊन बसावं.

(त्याच ३१ डिसेंबरला ॲरिझोनाचा कोच कोण होता? जोनाथन गॅनन, २०२२मधला आपलाच बचाव प्रशिक्षक. मध्यंतराला आपण २१-६ पुढे, शेवटी ३१-३५ मागे. जुन्या डॉक्टरला पेशंट कुठं दुखतो ते पाठ असतं.)

तरुणांत किली रिंगो. गेल्या वर्षी चौथ्या फेरीत १०५वा. जॉर्जियाकडून कॉलेजच्या अंतिम सामन्यात अलाबामाविरुद्ध ७९ यार्डांचं इंटरसेप्शन परत नेणारा हाच. अंगापिंडानं कॉर्नर कमी आणि दरवाजा जास्त वाटतो. नाताळच्या दिवशी जायंट्सचा शेवटचा पास त्यानं एंड झोनमध्ये पकडला आणि आम्ही जेवायला बसलो. वय २१. सरळ धावताना कुणाला ऐकत नाही, तोंड फिरवून बॉल शोधताना मात्र अजून चाचपडतो. वर्ष-दोन वर्षांत होईल. ह्या सप्टेंबरपासून दर रविवारी त्याच्यावर भिस्त ठेवावी असा तो नाही.

एवढ्यावर गुण द्यायचे झाले तर पाचपैकी दोन तारे, त्यातला एक स्लेचा आणि अर्धा-अर्धा दोन सेफ्टींचा.

आता नवे वैद्य, म्हणजे नवे बचाव प्रशिक्षक. व्हिक फँजिओ, वय ६५, पेनसिल्व्हेनियातल्याच डनमोरचे, गेला मोसम मायामीत. त्यांची रीत लीगभर नकलली जाते: दोन सेफ्टी खोलवर, कॉर्नर थोडे मागे राहून क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे बघत, मोठा घाव बसू द्यायचा नाही, लहान लहान घास घेऊ दे. बॉल सुटेपर्यंत नक्की कोण कुठं जाणार हे लपवायचं. मला ही रीत पटते, कारण ह्यात उसेन बोल्ट लागत नाही; डोळे लागतात, टॅकल लागतो आणि एकमेकांशी बोलणं लागतं. प्लेऑफला टँपाविरुद्ध हेच तिन्ही नव्हतं. डेव्हिड मूर ४४ यार्ड, ट्रे पामर ५६ यार्ड, दोघांनीही झेल घेतल्यावर आपल्या माणसांच्या हातांतून निसटून टचडाउन केले. ३२-९. हात लावून सोडून देणं हा कबड्डीत गुन्हा आहे, आमच्या बाई त्यासाठी मैदानाला फेऱ्या मारायला लावत. फँजिओंनी लावाव्यात.

पण वैद्य कितीही मोठा असला तरी झिजलेली कूर्चा बोलण्यानं भरत नाही. आणि मागच्यांना पुढच्यांची ढालही आता पातळ आहे. २०२२मध्ये पुढच्या फळीनं ७० सॅक केले होते, म्हणजे क्वार्टरबॅकला फेकायच्या आधीच ७० वेळा पाडलं होतं. त्याला फेकायला सवडच मिळायची नाही, मग मागचे सगळे हुशार दिसायचे. फ्लेचर कॉक्स निवृत्त झाला, हसान रेडिक जेट्सकडे गेला. ब्राइस हफला आणलंय, बघू. मागच्यांना आता एक सेकंद जास्त टिकाव धरावा लागणार, तो सेकंद ह्यांच्या पायांत नाही.

आणि इथं माझी ह्या संघाच्या कारभारावरची जुनी तक्रार. पहिल्या फेरीत ईगल्सनी कॉर्नर शेवटचा कधी घेतला? २००२, लिटो शेपर्ड. त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत मायकल लुइस आणि शेल्डन ब्राउन, लागोपाठ, ५८वा आणि ५९वा. एका वर्षी मागच्या फळीत तीन रोपं लावली आणि पुढे कितीतरी वर्षं त्याची फळं खाल्ली. त्यानंतर २२ वर्षं पहिल्या फेरीत एकही नाही. ह्या काळात बाजारातून तयार माल आणायचा हे धोरण. २०११मध्ये नामदी असोमुघा गाजतवाजत आला. २०१५मध्ये बायरन मॅक्सवेलला सहा वर्षांसाठी ६ कोटी ३० लाख डॉलरचा करार दिला आणि एका मोसमात मायामीला पाठवून दिला. दुसऱ्या फेरीत २०१७मध्ये सिडनी जोन्सला फाटलेल्या अकिलीससकट घेतला. स्वस्तात मिळालं म्हणून तडा गेलेला माठ आणला, तो तसाच गळत राहिला. स्लेसारखा एखादा सौदा साधतो, पण तयार माल वयानं तयार असतो. सगळे एकदम आणले की सगळे एकदम म्हातारे होतात. आज तेच झालंय.

ह्याचं खापर मी थोडं त्या सुपर बोलवरही फोडते. २०१८च्या फेब्रुवारीत टॉम ब्रॅडीनं आपल्यावर ५०५ यार्ड फेकले आणि तरी आपण ४१-३३ जिंकलो. ब्रँडन ग्रॅमनं ऐनवेळी त्याच्या हातातला बॉल झटकला म्हणून. पण तेव्हापासून ह्या गावाचं पक्कं मत झालं की पुढची फळी दणकट असली की मागे कुणीही चालतं. पाच वर्षांनी दुसऱ्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीनं एकच खोडी दोनदा केली: रिसीव्हर आत यायला निघाला, आपला माणूस त्याच्या मागे निघाला, तो मध्येच उलटा वळून बाहेर गेला. कडेरियस टोनी एकदा, स्काय मूर एकदा, दोन्ही टचडाउनांना आसपास कुणी नाही. ही हूल आम्हाला शाळेत शिकवायचे. ३५-३८.

तर ह्या गुरुवारी २२वा नंबर आहे. दुसऱ्या फेरीत ५० आणि ५३. माझं म्हणणं एवढंच की २२ला कॉर्नर घ्या आणि दुसऱ्या फेरीतल्या दोनांतला एक मधल्या जागेसाठी ठेवा.

नावं. टोलीडोचा क्विन्यन मिचेल माझा पहिला. तिथं तो बरंचसं मागे राहून, क्वार्टरबॅककडे बघत खेळला, म्हणजे फँजिओंच्या शाळेत आधीच बसलेला. २०२२मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध एका सामन्यात चार इंटरसेप्शन, त्यांतली दोन टचडाउनपर्यंत नेली. लोक म्हणत लहान गल्लीतला पैलवान. मग सीनियर बोलला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, मोठ्या कॉलेजांच्या रिसीव्हरांसमोर उभा राहिला आणि ती चर्चा थांबली. ४० यार्ड ४.३३ सेकंदांत. तो २२पर्यंत उरेल असं मला वाटत नाही, उरला तर धावत जाऊन चिठ्ठी द्यावी. अलाबामाचा टेरियन अरनॉल्ड त्याच्याही आधी जाईल बहुधा. क्लेमसनचा नेट विगिन्स ४.२८ धावला पण वजन १७३ पौंड भरलं. वेग मोहात पाडतो. माझ्या टेबलावर तो दर महिन्याला येईल अशी मला भीती वाटते. अलाबामाचा कूल-एड मॅकिन्स्ट्री हुशार, पण पायाच्या पाचव्या लांब हाडाला जोन्स फ्रॅक्चर निघालं. त्या जागी रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि हाड जुळायला रेंगाळतं.

आणि आयोवाचा कूपर डीजीन. नोव्हेंबरात नडगीशेजारचं बारीक हाड मोडलं. ऐकायला भयंकर, माझ्या दृष्टीनं ह्या यादीतली सगळ्यांत सोपी दुखापत. हाड जुळलं की जुळलं, लिगामेंटसारखं रुसून बसत नाही. कॉलेजात कडेला खेळला, पण त्याचे सामने बघताना मला तो मधल्या जागेवरच दिसत राहतो. टॅकल करताना आधी पाय टेकवतो, मग खांदा देतो. कुणी शिकवलंय माहीत नाही, पण नीट शिकवलंय. ५०पर्यंत तो राहणार नाही. थोडं वर चढून घ्यावा लागला तर मागचे एक-दोन नंबर द्यावेत, संघाचे सरव्यवस्थापक हावी रोझमनना असले व्यवहार आवडतातच.

शेजारच्या आजोबांना हे सगळं मान्य नाही. त्यांनी आपला जुना सेफ्टी ब्रायन डॉकिन्स, त्याचे इथले सगळे मोसम स्टेडियममध्ये बसून पाहिलेत, सेकंडरीवर त्यांचं माझ्याहून जास्त प्रेम आहे, पण त्यांच्या मते क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनमनांतला जेसन केल्सी मार्चमध्ये निवृत्त झाला, लेन जॉन्सन पुढच्या महिन्यात ३४चा होतोय, तेव्हा रोझमन २२ला लाइनमनच घेणार. "नेहमी घेतो," म्हणतात. त्यावर आमची पैज लागलीय. लाइनमन घेतला तर मी पूर्ण मोसम सेकंडरीबद्दल तोंड उघडायचं नाही, झेल सुटो नाहीतर माणूस सुटो. कॉर्नर घेतला तर त्यांनी गुडघ्याचे व्यायाम करायचे, पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा-दहाचे तीन सेट, रोज, सप्टेंबरपर्यंत.

काल संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर ते कुंपणापाशी एका हातानं खांब धरून उभे होते. मी दिसताच पाय खाली ठेवला आणि आभाळाकडे बघायला लागले.